हात कुठवर जातो

घणाचा खांदा गेला तो बायकोला मारतानाच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी त्याच्यासाठी उगाच हळहळायला नको.

त्या दिवशी कारण काय होतं ते आता कुणालाच आठवत नाही. कारण लागायचंही नाही. त्याने उजवा हात मागे नेला, पार डोक्याच्या वर, यार्डात लोखंडावर घाव घालताना न्यायचा तसा, आणि तिथेच खांद्यात काहीतरी कट्कन तुटलं. वहिनी भिंतीला टेकून, डोकं दोन्ही दंडांत घालून बसल्या होत्या. बुक्की कधी पडते याची वाट बघत होत्या. ती पडलीच नाही. डोळे उघडून बघतात तर नवरा जमिनीवर लोळतोय आणि खांदा धरून गुरासारखा ओरडतोय.

"बघत काय बसलीस? पाणी आण!" सासूबाई किंचाळल्या.

वहिनींनी पाणी आणलं. मनात मात्र एकच गोष्ट आली, बरं झालं. आली आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बघा म्हणजे कमाल! कपाळाला आदल्या माराचं टेंगूळ हिच्या, आणि लाजही हिनेच वाटून घ्यायची.

सगळी गल्ली त्यांना वहिनी म्हणायची, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. नवऱ्याला घण हे नाव यार्डाने दिलेलं. जुन्या मोटारी नि ट्रक तोडायचं यार्ड ते. तिथे गॅसने पत्रा कापतात, साखळीने इंजिन उपसतात, आणि जे असं निघत नाही ते फोडून काढतात. सगळ्यात जड घण ह्याच्या हातात. दिवसभर ठणाठण, काचांचा चुरा, तेलाचा चिखल, आणि माणसंही तशीच, बोलायच्या आधी हाणणारी. एकदा शब्दाने शब्द वाढला तेव्हा त्याने गॅसकटरवाल्याचे पुढचे दात पाडले. तो बिचारा रक्ताळलेले दात तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरला, पण घणासमोर कुणी ब्र काढला नाही. घरी जेवताना ती हकिगत घणाने हसत हसत सांगितली. त्याच्या आईलाही हसू आलं.

काम सुटलं की व्यायामशाळा. पाठीवर पडून वजन ढकलायचं, जमिनीवरून वजन उचलायचं, आरशात छाती बघायची, घरी यायचं. तिथले म्हातारे वस्ताद सांगून सांगून थकले. "अरे, वजन खाली ठेवलंस की अंगाला जरा ताण देत जा. नुसतं आवळत चाललायस." ह्याचं उत्तर ठरलेलं, "ताण-बिण बायकांना शिकवा. मला काय स्टेजवर नाचायचंय?" नाचायचं नव्हतं हे खरंच. पण पाठ खाजवायला त्याला दाराच्या चौकटीला अंग घासावं लागायचं, आणि शर्टाची दुसरी बाही रोज सकाळी वहिनी चढवून द्यायच्या. एवढा धिप्पाड गडी, आणि बाहीसाठी बायको! पण हे यार्डात कुणाला माहीत नव्हतं.

तर खांदा गेला. दवाखान्यात जायला त्याने साफ नकार दिला. हात पोटाशी धरून बसला, तेल चोळलं, शिव्या घातल्या. दिवस गेले तसा खांदा सिमेंट धरल्यासारखा धरला. हात छातीच्या वर जाईना. डाव्या हाताने त्याने एकदा मारून बघितलं, नाही असं नाही. वहिनी सरकल्या, मूठ कपाटावर आपटली, आणि त्या हिसक्याने उजव्या खांद्यात अशी कळ गेली की गडी रडायलाच लागला. लाथेचंही तेच. अंगाला धक्का बसला की खांदा जीव काढायचा. मग घरात शांतता झाली.

अशी शांतता वहिनींनी लग्नानंतर कधी बघितली नव्हती. त्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होत्या. ऑपरेशनच्या चादरी यायच्या, रक्ताने कडक झालेल्या. त्या भिजवायच्या, आणि ब्लँकेटं मशीनमध्ये मावत नाहीत म्हणून दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. पिळून पिळून मनगटं लोखंडाची झाली होती, आणि कंबर मात्र वाकली की सरळ व्हायला तयार नसायची. एक दिवस त्यांनी बाह्या वर केल्या तेव्हा समोरची पिळणारी म्हणाली, "अगंबाई, आज दंड चक्क कोरा!" आणि दोघी हसल्या. हसण्यासारखं त्यात काय होतं देव जाणे.

पण यार्डाचा मुकादम किती दिवस थांबणार? त्याने सांगून टाकलं, हात चालेना तर फाटकापाशी खुर्ची टाकून बस. घणाच्या अंगाचा तिळपापड झाला. फाटकापाशी! मग मात्र तो दवाखान्यात गेला, म्हणजे वहिनींनी त्याला नेला.

तिथली व्यायाम शिकवणारी मॅडम अंगाने काडी, पण आवाज असा की रांगेतली माणसं आपोआप ताठ बसायची. तिने खांदा चाचपला आणि विचारलं, "दादा, इतकी वर्षं वजनं उचलताय. ताण कधी दिलात?"

"काय गरज?" घण म्हणाला. "घट्ट आहे म्हणून तर ताकद आहे."

"घट्ट म्हणजे मजबूत नव्हे हो! आखडलेला स्नायू अर्ध्या वाटेपर्यंतच जोर लावतो. पुढची वाट त्याच्या सवयीचीच नसते. तिथे एकदम खेचलात की फाटतो. तुमचा तसाच फाटला." मग ती वहिनींकडे वळली. "ताई, आता हे तुमच्यावर. आधी गरम टॉवेलाने खांदा शेकायचा, थंड अंगाला ताण द्यायचा नाही. ह्यांना उताणं झोपवा. एक हात मनगटावर, एक कोपराखाली. सावकाश वर न्या. जिथे अडेल तिथे थांबा, ह्यांना श्वास सोडू द्या, मग अगदी केसभर पुढे. हिसका नाही. आणि दुखणं धारदार झालं की तिथून पुढे जायचंच नाही, समजलं?"

वहिनींना समजलं. ज्या हाताने आजवर बडवलं तो हात आता दोन्ही हातांत घेऊन रोज प्रेमाने वर न्यायचा, एवढंच काम होतं.

पुढच्या खेपेला जे झालं त्याला मॅडमचा दोष नाही, वहिनींचाही नाही. असलाच तर आपल्या बोलीचा आहे. मॅडम पाठमोरी उभी राहून कप्पीची दोरी सोडवत होती. मान न वळवताच तिने विचारलं, "मग ताई, घरी हात उचलतात का?"

वहिनी म्हणाल्या, "उचलायचे. खांदा गेल्यापासून नाही."

कोपऱ्यात एक आजोबा दोरी ओढत होते, ते थांबले. मॅडम हळूच वळली. "मी व्यायामाचं विचारत होते," ती म्हणाली.

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता, आईने नाही, भावाने नाही, शेजारणीने नाही. उत्तर जिभेवर येऊन कधीचं बसलं होतं, प्रश्न कानावर पडताच ते निसटलं. घणाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग कानापर्यंत लाल झाला. आजोबा त्याच्याकडे टक लावून बघत होते आणि त्याला त्यांचं काहीही करता येत नव्हतं.

बाहेर जिन्यात तो वहिनींच्या कानाशी वाकून अगदी गोड आवाजात म्हणाला, "बरा होऊ दे हात. मग दाखवतो कुठवर उचलतो ते."

आता आली का पंचाईत! हात बरा करायचा वहिनींनी, आणि बरा झाला की पहिला मार वहिनींनाच. रोज केसभर, केसभर करत तो दिवस त्यांनी आपल्याच हाताने जवळ आणायचा.

नंतरच्या एका खेपेला घण पडद्याआड शेक घेत होता, तेव्हा त्यांनी मॅडमला गाठलं. "मॅडम, हात कुठवर गेला की मारता येतं?"

मॅडमने त्यांच्याकडे बघितलं. खोटं बोलली नाही, ह्याबद्दल तिला मानलं पाहिजे. "थप्पड आताही मारता येईल. जोराची बुक्की, खांद्याच्या वर गेला की." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, तुम्ही ताण देऊ नका. त्यांना रोज इथे यायला सांगते. आणि पोलिसांत जायचं असेल तर मी बरोबर येते."

"नको. मीच देणार," वहिनी म्हणाल्या. "रोज माझ्या हातात असला तर कुठवर आलाय ते मला कळत राहील. दुसऱ्या कुणी दिला तर मला एकदम कळेल, गालावर."

मॅडमने खुर्ची बाजूला सरकवली. "मग आधी तुमची पाठ बघू. उभ्या राहा. वाका खाली."

वहिनी वाकल्या ते गुडघ्यापर्यंतच. "वा, सोन्यासारखी जोडी आहे," मॅडम म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिने वहिनींनाही कामाला लावलं. चौकटीला दोन्ही हात टेकून छाती उघडायची. टाच जमिनीला ठेवून पोटरी ताणायची. पाय लांब करून बसायचं आणि पाठ गोल न करता कमरेतून पुढे झुकायचं. अंग गरम झाल्यावर, आणि हिसका न देता. मग घणाची वजनं पलंगाखाली धूळ खात पडली होती, ती बाहेर आली. सासूबाई म्हणाल्या, "आता ही पण पैलवान होणार वाटतं!" वहिनी म्हणाल्या, "कंबर दुखते, मॅडमनी सांगितलंय." त्यात काही खोटं नव्हतं.

आणि फरक पडला. नुसत्या ताणाने ताकद येते असं मॅडमही म्हणाली नव्हती. पण ताकदीला जायला वाट मोकळी झाली. पूर्वी ओलं ब्लँकेट उचलताना सगळा भार कमरेत जायचा, आता नितंब नि मांड्या कामाला लागल्या. खाली नीट बसता यायला लागलं, तसं वजनही खालून, पुरतं उचलता यायला लागलं. लॉन्ड्रीतली जोडीदारीण म्हणायची, "हळू पीळ गं बाई, ब्लँकेटाबरोबर मीही फिरतेय!"

घरी मात्र रोजची लढाई. घण चटईवर उताणा, वहिनी डोक्यापाशी गुडघ्यांवर. "हळू गं, भवाने!" "जीव घेतेस काय!" एकदा कळ आली तेव्हा त्याने डाव्या हाताने शेजारचं स्टूल भिरकावलं. ते वहिनींच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळलं आणि पाय मोडला, स्टुलाचा. एकदा वहिनींनी चुकारपणा केला, अडायच्या आधीच थांबल्या, तर त्याला लगेच कळलं. "झोपा काढतेस? बरा करायचा नाहीय वाटतं तुला?" आणि कधी कधी तो चक्क रडायचा, उशीत तोंड खुपसून, लहान पोरासारखा. मग वहिनींना त्याची दया यायची. मेला उद्या आपल्यालाच मारणार आहे, आणि दया कसली येते, म्हणून त्या स्वतःवरच चिडायच्या.

हात खांद्याला आला. मग नाकाला. मग कानाला. एका सकाळी त्याने उभ्या उभ्या दाराची वरची चौकट पकडली आणि लटकला. कित्येक वर्षांत त्याचा हात इतका मोकळा वर गेला नव्हता, खांदा जायच्या आधीही नाही. "आई, बघ! बघ!" तो ओरडला. सासूबाईंनी त्याच्यावरून बोटं ओवाळून मोडली. वहिनी मागे उभ्या राहून बघत होत्या. तो हात आता कुणावर पडणार ते माहीत होतं, तरी आपण केलेलं काम किती सुरेख उतरलंय हेही त्यांना दिसत होतं.

यार्डात तो परत गेला त्या दिवशी घणाचे घाव पूर्वीपेक्षा लांबून येत होते आणि ट्रकची चासी बिस्किटासारखी तुटत होती. सगळे बघत राहिले. आणि तेवढ्यात तो दात पडलेला गॅसकटरवाला बोळक्या तोंडाने म्हणाला, "काय रे, बायको हात वर करून द्यायची म्हणे तुझा? रोज?" दवाखान्यातलं सगळं कुणाच्या तरी तोंडून तिथवर पोचलंच होतं. यार्ड हसलं. मुकादमही हसला.

घण घरी आला तो सरळ स्वयंपाकघरात. "आई, बाहेर जा," म्हणाला. सासूबाई उठल्या आणि गेल्या. जाताना दार लोटून घेतलं. त्यांना ते सवयीचं होतं.

"दवाखान्यातल्या त्या बाईला काय सांगितलंस? परत सांग."

वहिनींनी तोंड उघडायच्या आत बुक्की बसली. ओठ फाटला, त्या ओट्यावर आपटल्या, भांडी खाली आली. तोंडात रक्ताची खारट चव आणि कानात नुसता घूं आवाज. मान वर केली तेव्हा त्याचा हात दुसऱ्यांदा वर जात होता. खांद्याच्या वर, कानाच्या वर, पार मागे, कुठे न अडता. त्या हाताचा केसन् केस वहिनींना पाठ होता. तो कुठे हलका असतो, कुठे जड होतो, आणि कुठे संपतो.

त्या मागे सरकल्या नाहीत. आत शिरल्या. एक हात मनगटावर, एक कोपराखाली, रोजच्यासारखा. कमरेतून खाली बसल्या, त्याच्या बगलेखालून मागे निघाल्या आणि पायांच्या सगळ्या जोरावर उठल्या. घण आधी हसला. मग हात अडायच्या जागेवर आला. तिथे रोज थांबायचं असतं. वहिनी थांबल्या नाहीत.

"सोड! ए, सोड!" तो गुडघ्यांवर आला. गाल फरशीला टेकला, फुटलेल्या बशीचे तुकडे गालात रुतले. वहिनींनी गुडघा त्याच्या पाठीत रोवला आणि ओलं ब्लँकेट पिळतात तसा तो हात पिळला.

"उचलशील? परत उचलशील? बोल ना रे!" कुणीतरी ओरडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला अरे म्हटलं होतं, आणि तो आवाज आपला आहे हे त्यांना जरा उशिराच कळलं. भीती नव्हती. नुसता संताप होता, सगळ्या वर्षांचा, आणि त्या संतापात एक भयंकर सुखही होतं. आतून काहीतरी कडाडलं. घणाने "आई गं" म्हणून हंबरडा फोडला आणि तिथेच ओकला. बाहेर सासूबाई दार बडवत होत्या. दाराला कडी नव्हती, नुसतं ढकलायचं होतं, पण त्या बडवतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मॅडमने खांद्याला बोट लावलं मात्र, घण कळवळला. "हे कसं झालं?" तिने विचारलं.

"बाथरूममध्ये पडलो," घण म्हणाला.

"हो ना, ओल्या फरशीवर पाय घसरला," सासूबाईंनी दुजोरा दिला. "मी तिथेच होते."

मॅडमने वहिनींकडे बघितलं. त्यांचा ओठ जांभळा, सुजून दुप्पट झालेला. त्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते, तरी त्यांनी एकेक शब्द सावकाश उच्चारला. "पडले नाहीत. मी पिरगाळला."

मॅडमने नुसती मान हलवली. "आता हाडाचे डॉक्टर बघतील," ती म्हणाली. "नंतर मात्र परत पहिल्यापासून. घरी ताण कोण देणार?"

वहिनींची पिशवी बाकावर घणाच्या पलीकडे होती. ती घ्यायला त्यांनी त्याच्यासमोरून हात पुढे केला, आणि घण दचकला. मान खांद्यांत गेली, डावा हात झटकन तोंडावर आला, डोळे मिटले.

वहिनींचा हात हवेतच राहिला. ते अंग चोरणं त्यांना आतून माहीत होतं. आनंद झाला. खोटं कशाला बोला, झाला, अगदी पोटभर झाला. आणि लगेच तोच आनंद नकोसाही झाला. त्या घरात कुणीतरी असं तोंडावर हात घेऊन बसणारच. कालपर्यंत त्या होत्या, आज हा आहे, खांदा जुळला की परत त्या. त्यांना यातलं काहीच व्हायचं नव्हतं, मार खाणारी नाही आणि मारणारीही नाही.

"त्यांच्या आईंना शिकवा," त्या मॅडमला म्हणाल्या. "मी त्या घरी नसेन."

सासूबाईंनी "अगं पण" म्हणून सुरुवात केली. वहिनींनी पिशवी ओढली. तिचा बंद घणाच्या चपलेखाली अडकला होता. त्याने वर न बघता पाय बाजूला घेतला.